तिच्या आधी गावाला कळलं

आई, त्या दिवशी तू मला एक सणसणीत ठेवून द्यायला हवी होतीस. गाल दोन दिवस दुखला असता आणि विषय संपला असता. तू मारलं नाहीस, म्हणून माझ्या घरात सून आली तरी मी अजून त्या दुपारीच अडकून बसले आहे.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. जामखेडच्या एका लहानशा लॅबमध्ये लागून मला वर्षही झालं नव्हतं. पांढरा कोट मिळाला म्हणून पाय जमिनीवर नव्हते. गावातल्या बायका मला नाडी दाखवायच्या, आणि मीही दीडशहाणी, डॉक्टरसारखा चेहरा करून बघायचे. आपल्या समोरच्या घरातली सून सात महिन्यांची गरोदर होती. नवरा मालट्रकवर ड्रायव्हर, कित्येक महिने तापानं झिजत चाललेला. आमच्या लॅबच्या डॉक्टरांना शंका आली, म्हणून हिमोग्लोबिन बघायचं सांगून त्यांनी तिचं रक्त घेतलं आणि तिला न विचारताच ते एड्सच्या तपासणीला नगरला पाठवलं. विचारायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या सकाळी पाकीट आलं. रिपोर्ट मी दोनदा वाचला. एड्स म्हणजे पोस्टरावरची कवटी, मुंबईतली कुणीतरी बाई, एवढंच मला ठाऊक. आणि ही तर आपल्याकडून विरजण नेणारी पोर. "कुणाजवळ बोलायचं नाही, उद्या मी दोघांना बोलावतो," डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली आणि दुपारच्या एसटीनं घरी आले.

आले तर आपल्या ओट्यावर हीच बसलेली. ओटीभरणाचा हिरवा चुडा भरायला सासूनं तिला तुझ्याकडे आणलं होतं, भोवती पाच-सहा बायका. मला अजून सगळं दिसतं. तू तिचा पंजा मुठीत दाबतेस, अंगठ्याखालचं हाड आत घेतेस, "ढिला सोड गं हात, लोन्यावानी," म्हणतेस. तिचे हात सुजलेले. एक बांगडी वाढते. फुटली म्हणायचं नाही, हे तूच शिकवलेलं. तिच्या मनगटाला काच लागते, रक्त येतं, आणि तू नेहमीसारखा आपला अंगठा त्यावर दाबून धरतेस. कासारणीचा अंगठा तो, बारा महिने काचेनं चिरलेला. मी ओरडले, "आई, हात सोड तिचा!"

एवढंच. एक शब्द जास्त नाही. पण मी कुठे कामाला आहे आणि तिचं रक्त कुठे तपासायला दिलंय, हे ओट्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं. सासू उठली. "का गं? हिच्या रगतात काय निघालं?" साफ खोटं बोलायला हवं होतं, पण मी तुझ्या अंगठ्याकडेच बघत राहिले. तू मात्र हात सोडला नाहीस. "काय न्हाई निघालं. काच बघून भ्याली ती, लई नाजूक हाय आमची," म्हणालीस आणि पुढची बांगडी घेतलीस. अर्ध्या चुड्यावरून कासारीण उठत नसते. चुडा पुरा होईपर्यंत बायका एकेक करून निघून गेल्या होत्या. ती पोर रीतीप्रमाणे तुझ्या पाया पडली आणि माझ्याकडे बघत राहिली.

आत चुलीपाशी मी तुझ्या अंगठ्यावर डेटॉल ओतत रडत होते. "आई, तिला एड्स आहे." तू विचारलंस, "तिला म्हाईत हाय?" मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, "म्हंजी तिच्या आदी गावाला सांगितलंस." मी म्हणाले, तुझ्या जिवासाठी ओरडले. "व्हय. माजाच हात दिसला तुला." त्यानंतर तू हा विषय कधी काढला नाहीस.

चार दिवसांत तिला ट्रंकेसकट माहेरी घालवलं. नवरा घरातच राहिला, त्याला शेवटपर्यंत ऊन-ऊन भाकरी मिळाली. पांढऱ्या पायाची ठरली ती. संताप होतो माझा, पण बोट कोणत्या तोंडानं दाखवू? बायकांनी तुझ्याकडून बांगड्या भरणं सोडलं. तीन महिन्यांनी मीच तुझं रक्त काढलं, काही निघालं नाही. तेवढ्या चिरेतून तुला काही होण्याची भीती फार थोडी होती, हे मला आता कळतं. ती बाळंत झाल्यावर तू दोन एसट्या बदलून तिच्या माहेरी गेलीस, बाळाला काळ्या मनगट्या घालून आलीस. निघताना मला "चल" म्हणालीस. मी रजा नाही म्हणून सांगितलं. रजा होती.

आणि गेल्या मंगळवारी नगरच्या एका दवाखान्यात ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या रांगेत उभी होते, तर मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, वळखलं का?" आई, ती! मी तिला कधीच मेलेली धरून चालले होते. केस पिकलेत, पण अंगानं चांगली भरली आहे. कितीतरी वर्षं रोज गोळी घेते, सरकारी दवाखान्यातून मिळते म्हणाली. लेकीला काही झालं नाही. मी माफीचा शब्द शोधतेय, तर हीच विचारते, "मावशी कशा हाईत? त्यास्नी सांगा, पोरगी शाळंत मास्तरीण झाली."

"बरी आहे आई. सांगते," मी म्हणाले.

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. निरोप पोचवायचा म्हणून हे लिहिलं. पेटीत टाकायचं नाही, कपाटात साड्यांखाली ठेवून देईन. खोटं का बोलले, तेवढं मात्र तुला सांगते. तू गेलीस म्हटलं असतं, तर तिनं तिथेच मला जवळ घेतलं असतं. उभा जन्म रक्त तपासण्यात गेला माझा, शिवल्यानं काही होत नाही हे हजार जणांना समजावलं. तरी ती बोलत असताना मी एक पाऊल मागे सरकले होते, आणि ते तिनं पाहिलं.