तेहतिसावी किल्ली

कोपरखैरणे,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, १९९६

प्रिय अबोली,

पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी मिळालं. चारच ओळी लिहिल्यास आणि त्यातल्या तीन माझ्या गुडघ्यांवर खर्च केल्यास. चौथी मी रोज वाचतेय. ‘मावशी, बसचा मार्ग आता कायमचा ठरायचाय. वसंतबहारमध्ये अजून चाळीस घरांत दिवे लागतात ना? तेवढं हो म्हणून कळव, म्हणजे बस तुझ्या दारातूनच वळेल.’ एका ‘हो’चं काम, पोस्टकार्डावर मावलं असतं. पण मी चार ताव घेऊन बसलेय, तेव्हा आधी चहा टाक आणि सावकाश वाच.

दोन वर्षांमागे तू अभ्यासाची वही घेऊन माझ्याकडे राहायला आलीस, ते आठवतं? माणसं राहतात कुठे, राबतात कुठे आणि मधला रस्ता कोणाच्या वाट्याला किती येतो, ते तू शोधत होतीस. मी म्हटलं, यात शोधायचं काय, ज्याचं घर लांब त्याचा दिवस आखूड. तू हसलीस आणि ते वहीत उतरवून घेतलंस. पुडीचे कागद वाचून अक्षरं गिरवलेली बाई मी. माझं बोलणं तुझ्या वहीत गेलं म्हणून मला रात्रभर झोप नव्हती.

दारोदार फिरून तू दमलीस. अर्धी दारं उघडेनात. मग तू युक्ती काढलीस, तिन्हीसांजेला रस्त्यावर उभं राहायचं आणि उजेडाच्या खिडक्या मोजायच्या. आमच्या बिल्डिंगीत अठ्ठेचाळीस घरं, त्यातली चाळीस उजळलेली. मग तू तुर्भ्याच्या अंगाला, खाणीखालच्या वस्तीकडे वळून पाहिलंस. आमच्या ट्यूबलायटींनी डोळे दिपलेले, तिकडे तुला नुसता काळोख दिसला. तुझे आकडे बसच्या हापिसात गेले आणि सहा महिन्यांत बस आली. वाशीहून निघायची, आमच्या फाटकाशी वळायची आणि माघारी जायची. वस्तीतल्या बाया इथे उतरून पुढचा मैलभर ट्रकांच्या रस्त्याने चालत जायच्या, खांद्याला पिशव्या लावून, कडेकडेने.

अबोली, आमच्या बिल्डिंगीत माणसं राहतात ती सात घरांत. बाकीचे तेहतीस दिवे मी लावत होते.

मालक कोणी पार्ल्याला, कोणी दुबईला. भाव वाढेल तेव्हा विकू म्हणून घेऊन ठेवलेली घरं. पंपाशेजारच्या खोलीत मी राखणीला राहते, म्हणून तेहतीस जणांनी किल्ल्या माझ्याकडे ठेवल्या. कोणी म्हणालं चोर येऊ नयेत म्हणून, कोणी म्हणालं तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवलं तर अवदसा शिरते. हे मलाही पटलं, माझ्या आईनं मला तेच शिकवलंय. उरलेल्या आठांनी किल्ल्या दिल्याच नाहीत, ती घरं पहिल्यापासून काळी. मग रोज कुलूप काढायचं, बटण दाबायचं, ‘आले गं बाई’ म्हणायचं, कुलूप लावायचं. सकाळी पुन्हा सगळं उलटं.

लोकांना वाटतं, रिकाम्या घराची भीती अंधारात वाटत असेल. मला वाटायची ती दिवा लावल्यावर. अंधारात घर गप्प पडून असतं. दिवा लागला की ते कोणाची तरी वाट बघायला लागतं. भिंतीवर कधी खिळा ठोकलेला नाही, ओट्यावर कधी दूध उतू गेलेलं नाही, तरी पाठ वळवली की वाटायचं, आत कोणीतरी पाट मांडतंय. बसचा कंडक्टर मानसिंग मला चिडवायचा, ‘काय मावशी, उतरतात त्या सगळ्या वस्तीच्या. तुमच्या जिन्यात तर कोण चढताना दिसत नाय. चाळीस घरांत भुतं ठेवलीत काय भाड्यानं?’ मीही म्हणायची, ‘ठेवलीत, पण तुझ्यापेक्षा सुधी आहेत.’ हसायची, आणि नंतर जिना चढताना कठडा घट्ट धरायची.

माझे गुडघे गेले तेव्हा वरच्या दोन मजल्यांचे दिवे शालनने अंगावर घेतले. आठवते ना तुला? जिना झाडायला यायची, वस्तीतली, तुला बोरं आणून दिली होती ती. तिला चारशे चार नंबरचं घर फार आवडायचं. ती किल्ली तिने माझ्याकडे कधी परत दिलीच नाही, कमरेला खोचून ठेवायची. म्हणायची, ‘मावशी, त्या खिडकीतनं माझं घर दिसतंय ओ. खाली ऱ्हाऊन कधी दिसलंच नव्हतं.’ दिवा लावून घटकाभर तिथेच फरशीवर बसायची. एकदा पाहते तर उंबऱ्याबाहेर रांगोळीची चार बोटं ओढलेली. मी रागावले, ‘अगं, मालकाचं घर आहे ते!’ तर म्हणते कशी, ‘मालकानं बघितलंय तरी का? घराला कुनीतरी लागतं ना मावशी. त्यो न्हाई तर मी.’

कार्तिकात, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, शालन वरचे दिवे लावून निघाली. ‘येते मावशी’ म्हणाली. माझ्यासमोर बस फाटकाशी वळली, तिच्या बाजूने ती ट्रकांच्या रस्त्याला लागली. वस्ती चारशे पावलांवर असताना तिला ट्रकने उडवलं. लोकांनी मला बोलावलं तोवर संपलं होतं.

तिच्या कमरेची किल्ली सापडली नाही. मी स्वतः तो रस्ता दोनदा वाकून वाकून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरचे बाकीचे दिवे मी कसेबसे विझवले, संध्याकाळी ते लावलेच नाहीत. खाली आले, मान वर केली, तर चारशे चारमध्ये दिवा. म्हटलं, कालचाच राहिला असेल. सकाळी पाहिलं, विझलेला. संध्याकाळी पुन्हा लागलेला. मानसिंगला दाखवलं. तो टोपी काढून उभा राहिला. आज महिना होत आला, एक दिवस चुकलेला नाही. त्या घराच्या दुबईच्या मालकांना फोन लावला, तर म्हणतात दुसरी किल्लीच नाही. परवा गुडघे दाबत वर गेले, दाराला कान लावला. आत काही नाही. उंबऱ्याबाहेर मात्र रांगोळीची चार बोटं. ओढून फार वेळ झालेला नव्हता; बोट लावलं तर पूड उठली. मी तिथेच बसले आणि म्हटलं, ‘दमलीस का गं?’

म्हणून तुझ्या एका ‘हो’ऐवजी हे सगळं. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, बाळा. तू मोजत होतीस तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी होते आणि त्या वेळी सगळ्या तेहतीस किल्ल्या माझ्याच पदराला होत्या. तू ‘चाळीस’ म्हणालीस, माझ्या तोंडाशी आलं आणि मी गिळलं. बस दारात आली तर वाशीचा दवाखाना जवळ येईल, एवढंच मनात होतं. तुझी चूक नव्हती ती, माझी होती. आज मी एकही दिवा लावला नाही. अवदसा शिरायची ती केव्हाच शिरली. सात घरं आणि चारशे चार सोडता बिल्डिंग काळी झाली, डोळे निवले आणि पहिल्यांदाच वस्ती दिसली. रॉकेलच्या चिमण्या गं, डोंगराच्या पायथ्याशी नुसत्या सांडलेल्या. दोनशे तीसपर्यंत मोजल्या, मग डोळ्यांना पाणी आलं. उरलेल्या तू येऊन मोज. बसच्या साहेबांना लिही, वसंतबहारमध्ये सात घरं, बस पुढे वस्तीपर्यंत न्या, म्हातारी चढेल कुठूनही. फक्त चारशे चारपुढे रिकामं असं लिहू नकोस. तिथे रोज तिन्हीसांजेला कोणीतरी घरी पोहोचतं, आणि अजून चालतच येतं.

तुझीच,
सखूमावशी