लस लागलेली

८ ऑगस्ट

आले बाई एकदाची. तीन जिने चढताना बाबांना धाप लागली, पण तोंड काही थांबलं नाही. तू डॉक्टर होईपर्यंत माझंच हृदय बंद पडेल, असं प्रत्येक जिन्यावर ऐकवत होते. आई ट्रंक लावून देते म्हणाली आणि सगळं उलटंपालटं करून गेली. दोघं गेल्यावर मी थोडी रडले आणि मग डबा उघडून जेवले.

खोली झकास आहे. खाली लाँड्री. हॉस्पिटलचे कपडे तिथेच धुतले जातात, त्यामुळे दिवसभर मशिनं घरघरतात आणि पायाखालची फरशी थरथरते. लाँड्रीवाल्या काकूच घरमालकीण. गच्चीवर दोरीला पांढऱ्या कोटांची रांग वाळत असते, आणि कोपऱ्यात पाण्याची एक जुनी रिकामी टाकी आहे. आपलाही कोट इथे लटकणार, या आनंदात मी उगाच दोन चकरा मारून आले. न्हाणीघराची कडी ढिली आहे. तिच्यात टूथब्रश खोचला की दार बसतं.

आम्ही चौघी, बाकी तिघी इथे आधीपासूनच राहतात. ताई आमच्यात मोठी, चौथ्या खेपेला प्रवेश मिळालेली. चष्मा, जिला चष्म्याशिवाय स्वतःचा हात दिसत नाही. आणि हजारी. हे नाव आकड्यावरून पडलंय. आमच्या कॉलेजात हिपॅटायटिस बीची लस घेतल्यावर रक्त तपासतात. त्या लसीचं संरक्षण अंगात किती तयार झालं त्याचा आकडा दहाच्या वर हवा, तरच प्रवेश पक्का. हिचा हजाराच्या वर. माझा शून्य. पूर्ण कोर्स दोनदा झाला, तरी शून्य. लस लागू पडली नाही. इथे नुसतं 'लागली नाही' म्हणतात. बाबा म्हणतात, पालथ्या घड्यावर पाणी.

हजारीने माझं नाव लगेच कोरी ठेवलं आणि खिडकीजवळचा स्वतःचा पलंग मला दिला. मला ती फार आवडली.

१२ ऑगस्ट

आरोग्य कक्षात शेवटचा डोस टोचून घेतला. सिस्टरांनी विचारलं, लागलं का? मी नाही म्हटलं. तेच तर दुखणं आहे तुझं, म्हणाल्या, आणि दोघी खूप हसलो. खरंच, मला सुई कधी दुखतच नाही. लहानपणीही मी टकामका बघत बसायची.

तिथल्या डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. काही शरीरं उत्तरच देत नाहीत, त्यात तुझा दोष नाही, असं समजावलं. पण पुढच्या महिन्यातली तपासणी शेवटची. दहा नाही आले तर जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना सांगून झालंय.

माझा रक्तगट ओ निघाला. हजारीचाही ओ. म्हणजे आपण सख्ख्या बहिणी, असं म्हणून तिने मला मिठी मारली. ताई पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, ओवाल्यांचं सगळ्यांना चालतं.

२३ ऑगस्ट

हजारी आज जिन्यात चक्कर येऊन पडली. ओठ अगदी पांढरे. मी तिला धरून वर आणलं, बाही वर सरकवली, तर कोपराच्या आतल्या बाजूला हिरवे-काळे डाग. नळावर आपटलं म्हणाली. दोन्ही कोपरं एकाच नळावर?

ताईचा आकडा गेल्या महिन्यात अचानक वर गेला होता, हे चष्मानेच मला सांगितलं. सांगताना जीभ चावली. चष्माचाही गेला होता. दोघींना लस सहा-सहा वेळा लागली नव्हती, आणि मग एकदम लागली.

दिवसभर डोक्यात तेच.

५ सप्टेंबर

हजारीने आज स्वतःहून सांगितलं. ताई रडत होती म्हणून तिने तपासणीच्या आधी तिला आपलं रक्त दिलं, हॉस्पिटलातून लांबवलेल्या सुई-पिशवीने, एकदाच, मैत्रीखातर. आकडा आला. मग चष्मा रडली. तिलाही दिलं. पण उसना आकडा टिकत नाही, उतरतो, आणि कॉलेज पुन्हा तपासतं. मग पुन्हा ताई. पुन्हा चष्मा. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं तर ओंजळ रोज धरावी लागते, म्हणाली. हसतच म्हणाली, ऊस गोड लागला म्हणून यांनी मुळासकट खायला घेतलाय. आता बास. पुढच्या शनिवारी ती आईकडे जाणार, कायमची दुसरीकडे खोली बघणार.

मी म्हटलं, बरं करतेस, जा तू.

आणि लगेच म्हटलं, जायच्या आधी मला एकदा दे.

तिने दोन्ही बाह्या खाली ओढल्या. मग नाही म्हणाली. कोरी, तूसुद्धा, एवढंच म्हणाली आणि बॅग भरायला लागली. मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. हिला फुकट मिळालेलं, हिच्या अंगात नुसतं पडून असलेलं. मला दहाच हवे होते.

मी जाऊन ताईला सांगितलं की ती पुढच्या शनिवारी निघतेय.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी अकरा. खाली सगळी मशिनं चालू होती. ताईने तीच वेळ धरली.

न्हाणीघरात. चष्माने मागून तोंड दाबलं, तर हजारीने तिचं बोट हाडापर्यंत चावलं. ताई तिच्या छातीवर गुडघे रोवून बसली. बरगडी मोडल्याचा आवाज मशिनांतूनही आला. मी हात धरला. ताईला शीर सापडेना. चष्मा रडत होती. मी सुई घेतली आणि पहिल्याच खेपेत शीर मिळाली. मला — हे लिहायलाच हवं — मला अभिमान वाटला.

ती म्हणत होती, लागतंय गं, कोरी, लागतंय. मी म्हटलं, जरा थांब, लागणार नाही.

मग तिने लाथ मारली आणि मान फिरवली, आणि ताईने तिचं डोकं धरून नळावर आपटलं. एकदा नाही. कवटीचा आवाज ओला आला. पिशवी भरली तरी आम्ही थांबलो नाही. दुसरी लावली. ती हलायची थांबली होती आणि मी तिची मूठ दाबून दाबून उघडमीट करत होते, रक्त यावं म्हणून.

पहिली पिशवी मी घेतली. गट एकच, म्हणून. ताईच्या वाट्याची गोठायला लागली होती.

फरशी गार पाण्याने धुतली. गच्चीवरची टाकी. झाकण जड आहे. कोट वाळत होते.

१४ सप्टेंबर

तिच्या आईचा फोन. ताईने घेतला. काल सकाळीच निघाली, काकू. गोड आवाजात.

सगळं दुखतंय. दात घासले तर दुखतं, कंगवा लागला तर दुखतं. मला. मला कधीच काही दुखत नसे.

१५ सप्टेंबर

तपासणी. सुई टोचली आणि मी किंचाळले. सिस्टर दचकल्या. लागलं का, म्हणाल्या. आता लागतं तुला, म्हणाल्या, आणि खूश झाल्या.

ती किंकाळी माझी नव्हती. आवाज ओळखीचा होता.

१८ सप्टेंबर

एकेचाळीस. प्रवेश पक्का. बाबा फोनवर रडले. लागली गं लागली एकदाची, आईला ओरडून सांगत होते.

ताईचा आठ. चष्माचा सहा, आणि बोट सडतंय तिचं. कॉलेजने दोघींना आणखी एक संधी दिलीये. येत्या सोमवारी.

पोलीस खाली येऊन गेले. काकूंनी सांगितलं, मुली गुणी आहेत. वर कुणी चढलं नाही.

२० सप्टेंबर

माझ्या ताटाशेजारी लोहाच्या गोळ्या. कुणी ठेवल्या कुणी बोलत नाही. चष्मा सारखं विचारते, जेवलीस ना, पोटभर जेव. ताईने माझी बाही वर करून बघितली, सहज, दंड चाचपल्यासारखं. म्हणाली, तुझ्या शिरा चांगल्या आहेत.

मी म्हटलं, माझं उसनं आहे, त्यात काही नाही, उतरत चाललंय.

ताई म्हणाली, हजार कुणाला हवेत. दहा पुरेत.

मग हसली आणि हाक मारली. हजारी म्हणून.

२१ सप्टेंबर

आईला फोन करायचा होता. काय सांगू? टाकीचं सांगू? फोन सापडत नाहीये.

काकूंकडे जायला निघाले. जिन्यात चष्मा बसली होती. कुठे निघालीस, हजारी.

रात्रभर हातातली शीर फडफडत होती. आतून कुणी ठोठावल्यासारखी.

२२ सप्टेंबर, सोमवार

न्हाणीघरात आहे. टूथब्रश खोचलाय कडीत. वही गुडघ्यावर.

खाली मशिनं सुरू झाली. सगळी. ओरडून उपयोग — आणि कुणी वर आलंच तर — फरशीच्या फटीत अजून काळं आहे, मला इथून दिसतंय —

ताई दारावर बोटं वाजवतेय. हळू. ओरडत नाही. समजावतेय. एकच पिशवी, म्हणते. मैत्रीखातर.

टूथब्रश वाकला.

नळावर केस. तिचे. मी धुतलं होतं सगळं, मी —

हात आतून — मूठ आपोआप उघडमीट — मी करत नाहीये —

बाहेरून ताई म्हणतेय, जरा थांब, लागणार ना