पिवळीची तब्येत

ती. मामा,

भाचीचा वाकून नमस्कार. (फ्रीझरमधला बर्फ खरवडायला वाकलेच होते, त्यातच उरकून घेते.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामीचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल. सगळे म्हणजे माणसं. पिवळीचं विचाराल तर मामा, कसं सांगू? दर फोनला तुम्ही आधी तिची तब्येत विचारता आणि मग माझी. आता फोनवर बोलायला गेले तर रडेन, म्हणून लिहितेय.

तुम्ही निवृत्त होताना प्रयोगशाळेच्या भांडारात ठेवायला ती बाटली माझ्या हातात दिलीत तेव्हाच मला धडकी भरली होती. तुमच्या उभ्या जन्माची कमाई, चिमूटभर पिवळी पूड! पुन्हा बनवायची सोय नाही, कारण तिचा कच्चा माल देणारा कारखानाच बंद पडलेला. त्यात आता पलीकडच्या प्रयोगशाळेतले नवे लोक तुमचा प्रयोग करून बघणार आहेत. पूड शुद्ध निघाली आणि तुम्ही लिहिलं तसंच झालं, तर तुम्हाला हसणाऱ्यांची तोंडं कायमची बंद. म्हणून मी तिला तपकिरी बाटलीत घातलं, आत कोरडा वायू भरला, झाकण घट्ट बसवलं आणि उणे वीसच्या फ्रीझरमध्ये अगदी मागे झोपवलं. नुसती पडू दिली असती ना, तर माझ्या नातवंडांनासुद्धा पुरून उरली असती.

पण पडू देतील तर शपथ! आमच्या साहेबांना काळजी करण्याची हौस. (घरी पाळणा असताना श्वास चालू आहे का बघायला झोपलेल्या बाळाला उठवायचे म्हणे. त्यांच्या बायकोनेच सांगितलं.) दर थोड्या दिवसांनी दारात उभे, पिवळी ठीक आहे ना? आता ठीक आहे हे कळायला बाटली बाहेर काढा, उघडा, कणभर पूड शुद्धता तपासायच्या यंत्रावर पाठवा. बरं, गार बाटली लगेच उघडायची नसते. बंदच ठेवून खोलीइतकी कोमट होऊ द्यावी लागते, नाहीतर हवेतलं पाणी आत जाऊन बसतं, गारठ्यातून घरात आल्यावर चष्म्यावर बसतं तसं. हे मी फ्रीझरच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून लावलं. साहेबांनी ते वाचलं, माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि बाटली उघडली. मग पाहुणे आले, त्यांना दाखवायला उघडली. पाहुणे गेल्यावर त्यांनी काही बिघडवलं तर नाही ना, म्हणून परत उघडली. यंत्रावरच्या बाई दर वेळी ‘नमुना उत्तम’ असा शेरा देत गेल्या. अशा शेऱ्यांचा गठ्ठा आता एवढा जाड झालाय, की त्याच्यावर चढून मी वरच्या फळीवरच्या बाटल्या काढते.

परवा बाहेर काढली, तर तळाला तपकिरी चिकट डाग. खोकल्याची गोळी खिशात विरघळून कागदाला चिकटते ना, तस्सा. साहेबांनी बाटली उजेडात धरून बराच वेळ निरखली आणि म्हणाले, आता हिला रोज तपासायला हवं. मामा, आता काय करू हो? ते नवे लोक नमुना न्यायला येणार आणि मी त्यांच्या हातावर काय ठेवू, शेऱ्यांचा गठ्ठा? तुमचं आयुष्य माझ्या हवाली केलंत आणि मी त्याचा चिकटा करून ठेवला. जेवण जात नाही. घरात कोणी फ्रिज उघडला तरी अंगावर ओरडते.

मामीला नमस्कार, आणि तुम्ही रागावलात तरी चालेल पण अबोला धरू नका.

तुमची,
भांडारवाली भाची

ता. क. आई सांगत होती, निरोपाच्या दिवशी तुम्ही पिवळीची एक छोटी बाटली आठवण म्हणून घरी नेलीत आणि ती तुमच्या कपाटात चष्म्याच्या डबीमागे आहे. खरंय का? खरं असेल तर तुमच्या पाया पडते, ती पाठवा. पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, मध्ये रडण्यात राहून गेलं.

ता. क. २. साहेबांना हे कळलंय. पाठवण्याआधी ती ठीक आहे का बघून घ्या, असा त्यांचा निरोप आहे. कृपा करून बघू नका.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच मामीचा फोन. म्हणे, तुम्ही रोज सकाळी चहा झाला की झाकण काढता, पिवळीकडे बघता, बरी आहे म्हणता आणि परत लावता! मामा, तुम्हीसुद्धा? आता कोणापुढे डोकं आपटू? पण मामी म्हणते रंग अजून पिवळाच आहे. गारठ्यातून काढून उघडली नाही कधी, म्हणून तगली असेल कदाचित. तेव्हा आजच्या आज पाठवा. आणि मग फोन कराल तेव्हा पोचली का एवढंच विचारा. कशी आहे, ते माझं विचारा.