मागच्या भिंतीचा गिलावा

गुडगाव, १२ ऑक्टोबर १९९७

ती. अण्णा आणि ती. सौ. आई यांना मानसचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. चौदा सप्टेंबरच्या रविवारी, सकाळी साडेसातला, मागच्या भिंतीवरून परत आलेला चेंडू मी पहिल्यांदा नीट मारला आणि माझं सगळं बदललं. कॉलेज सोडलं त्या दिवशी नाही. तुम्ही बदलीच्या गावी जाताना माझ्याकडे न बघता डब्यात चढलात, त्या दिवशीही नाही.

खेळाचं नाव पॅडल. मी काम करतो त्या भाटियाजींच्या नव्या कॉलनीत अर्जेंटिनाचे एक इंजिनियर राहतात, एक्तोर. त्यांच्या नकाशावरून मैदान बांधलं, देखरेख माझी. टेनिसपेक्षा लहान, मध्ये जाळी, दोन्ही टोकांना भिंती. बॅटला तारा नाहीत, नुसती भोकं. दोघांनी दोघांविरुद्ध खेळायचं. चेंडू एक टप्पा घेऊन भिंतीवर आपटला तरी डाव चालूच, परत येताना तो मारता येतो. नवशिक्याची सगळी फजिती तिथेच. पहिले पंधरा दिवस मी प्रत्येक चेंडूवर धावून जायचो. एक्तोर म्हणाले की तुझा भिंतीवर भरवसा नाही. चेंडूला जाऊ दे, वळ, तो येतोच. जाऊ दे म्हणणं मला किती अवघड, हे तुम्हाला काय सांगायचं.

आता ऐका. एक्तोर रजेवर घरी गेलेत आणि इथे मी आणि स्वरूपा सलग नऊ सामने जिंकलोय. स्वरूपा म्हणजे पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवते ती, सुधाकरकाकांची मुलगी. आईला ठाऊक आहे. माझा एक खास फटका आहे. उजव्या कोपऱ्यात उंच चेंडू टाकायचा. टप्पा, भिंत, आणि चेंडू मांजरासारखा खाली बसतो. समोरचा बघत राहतो. लोक म्हणतात, पोराच्या मनगटात काहीतरी आहे.

सोळा नोव्हेंबरला उद्घाटनाचा सामना, दिल्लीच्या एका क्लबातल्या दोन बँक अधिकाऱ्यांशी. जिंकलो तर नवशिक्यांना शिकवायची पक्की नोकरी मला, असं भाटियाजींनी चारचौघांत कबूल केलंय. सुधाकरकाका बघायला येणार आहेत. पक्की नोकरी नसेल तर मुलगी मागायला येऊ नकोस, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलंय. तेव्हा सामना कशासाठी आहे ते समजून घ्या.

रागावा, पण पत्र टाका. माया आहे तेवढी राहू द्या.

आपला,
मानस


शिलाँग, २४ ऑक्टोबर १९९७

चि. मानस यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझ्या आईने दोनदा मोठ्याने वाचून दाखवले. दुसऱ्यांदा मी सांगितले नव्हते.

खेळातले मला कळत नाही. भिंतीतले थोडे कळते. सव्वीस वर्षे सरकार मला त्याचाच पगार देत आहे. म्हणून विचारतो. तो मांजरासारखा बसणारा चेंडू एकाच टोकाच्या कोपऱ्यात बसतो, की टोके बदलल्यावर समोरच्या भिंतीशीही? दुसऱ्या कुणी तिथे मारला तर काय होते? त्या भिंतीच्या गिलाव्यावर पाणी किती दिवस मारले होते? देखरेख तुझी होती असे लिहितोस.

रुपयाच्या नाण्याने भिंत ठोकत जा. भरीव असेल तिथे टक् वाजेल. गिलावा विटेपासून सुटला असेल तिथे रिकाम्या डब्यासारखा आवाज येईल. सुटलेला गिलावा चेंडूचा जोर खातो. हा भाग तू सोडलेल्या सहामाहीत शिकवतात.

सगळीकडे टक् वाजले तर मनगट तुझे. तसे निघाले तर मला आनंदच आहे.

प्रकृतीला जपावे. आमची आठवण असू द्यावी.

तुझे,
अण्णा

मानस, उरलेल्या जागेत मी लिहिते. यांनी हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलंय. आणि पहाडगंजहून दोन बस बदलून मुलगी गुडगावला येते ती नुसती बॅट फिरवायला येत नसणार, एवढं मला इथे बसूनही कळतं. लाडू पाठवलेत, तिलाही दे. — आई


गुडगाव, ४ नोव्हेंबर १९९७

ती. अण्णांना सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी मी ते चुरगाळलं. मुलगा जिंकतोय आणि बाप भिंतीत खोट काढतोय, असं वाटलं. दोन दिवस मैदानाकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी नाणं घेऊन गेलो.

रिकामा डबा. चटईएवढा तुकडा, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत. बाकी भिंत टक्. स्वरूपा कान लावून ऐकत होती. ती म्हणाली की नऊ सामने तू तुझ्या जोडीदारामुळे जिंकलास, पण ती जोडीदार मी नव्हते. हसली नाही.

पाणी तीन दिवस मारलं होतं. टँकर लॉनसाठी हवा होता. भाटियाजींनी विचारलं, चलेगा क्या, आणि बिल्कुल चलेगा असं मी म्हणालो. मीच म्हणालो, अण्णा.

भाटियाजींना कोपरा दाखवला तर ते खूशच झाले. म्हणाले, यार, ही तर आपली घरची भिंत. आधी पाहुण्यांना त्या टोकाला उभं करू, सतरा तारखेला दुरुस्त कर. टोकं बदलतात, असं मी म्हणालो, तर म्हणाले अर्धा वेळ पुरे आहे, आणि तुला नोकरी हवी आहे ना. स्वरूपा म्हणते, ठरव तू, बाबांना काय सांगायचं ते मी बघते.

तुम्ही काय केलं असतं ते लगेच लिहा. तुमच्या शब्दाची वाट बघतोय.

आपला,
मानस


शिलाँग, १० नोव्हेंबर १९९७ (स्पीड पोस्ट)

चि. मानस यास आशीर्वाद.

मी काय केले असते ते लिहिणार नाही. नोकरी तुझी, मुलगीही तूच पसंत केलेली. फक्त काम कसे करतात ते लिहितो. कडेला भरीव आवाज येईपर्यंत सुटलेला गिलावा काढायचा. विटा भिजवायच्या. नवा गिलावा झाल्यावर ओले गोणपाट टांगून सात दिवस पाणी. त्या सात दिवसांत भिंतीला धक्का नको.

आणखी एक. तीन दिवसांची गोष्ट तू आपण होऊन सांगितलीस. माझ्या हाताखालच्या एकाही माणसाने इतक्या वर्षांत असे सांगितलेले नाही. ते पत्र मी ऑफिसात तिघांना वाचून दाखवले.

तुझा,
अण्णा


गुडगाव, २३ नोव्हेंबर १९९७

ती. अण्णा व सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

सोळा तारखेला सकाळी नऊला खुर्च्या भरल्या होत्या, समोसे आले होते, फ्लॅट घेणारी मंडळी बायकामुलांसकट हजर होती. मी बॅटऐवजी छिन्नी-हातोडा घेऊन आत गेलो. बँकवाल्यांना सांगितलं की हा कोपरा मेलेला आहे, भिंत माझ्या देखरेखीखाली झाली, पाणी मी कमी मारलं, आणि नऊ सामने याच कोपऱ्यावर जिंकलोय. मग घाव घातला. ताटाएवढा तुकडा खाली आला.

भाटियाजी ओरडले, नौकरी भूल जा. मी आवाज चढवला नाही. आईला हे खरं वाटणार नाही, पण स्वरूपा साक्षीला आहे. बँकवाल्यांपैकी उंच होते त्यांनी खिशातून नाणं काढून स्वतः भिंत ठोकली. म्हणाले की भिंत बरी झाली की सात डिसेंबरला येतो, याच पोराशी खेळायचंय, दुसऱ्याशी नाही. फ्लॅटवाले ऐकत होते, त्यामुळे भाटियाजींना हो म्हणावं लागलं. अट तीच: जिंकलो तर नोकरी. बँकवाले वीस वर्षं टेनिस खेळलेत आणि माझा खास फटका आता कचऱ्याच्या गाडीत आहे. रोज पहाटे समोरच्या भिंतीवर चेंडू जाऊ देण्याचा सराव करतो. दहातले सहा परत मारता येतात, आणि ते सहा माझे आहेत.

नवा गिलावा मिस्त्रीबरोबर मीच केला. सुधाकरकाका तेवढा वेळ उभे होते, चहासुद्धा घेतला नाही. जाताना त्यांनी तुमचा शिलाँगचा पत्ता मागितला. कशाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही. स्वरूपाने मोठ्या ठसठशीत अक्षरात पत्ता लिहून दिला, पिनकोडसकट.

तुम्ही ऑफिसात वाचून दाखवलंत ती ओळ मी सगळ्यांना वाचून दाखवतो. इतकाच लोभ यापुढेही ठेवा, जास्त मागत नाही.

आपला,
मानस

ता. क. पाकीट बंद करतच होतो, तर भाटियाजींचे जावई दोन पाहुणे घेऊन आले. फक्त पंधरा मिनिटं खेळू द्या म्हणाले. आज सातवा दिवस आहे, उद्या या, असं मी सांगितलं. मी कोण आहे ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं. ठाऊक आहे म्हणून तर आप म्हणतोय, असं मी म्हणालो. ते गेले. मी गोणपाटं पुन्हा भिजवली, नळ बंद केला, बाहेर आलो आणि मैदानाचं दार लावून घेतलं.