उत्तरेच्या भिंतीवरची आयव्ही

७ एप्रिल
दहावीच्या पेपरांचे गठ्ठे आज जमा केले. केंद्रावर टेंभुर्णीचे जोशी सर होते, जीवशास्त्राचे. तीन वर्षं याच दिवसांत भेटतो, एका टेबलावर डबा खातो, मग वर्षभर काही नाही. आज निघताना त्यांनी एक कुंडी हातात दिली. आयव्ही. हातभर वेल, पाच टोकांची पानं, पांढुरक्या शिरा. "सुनंदाची आहे," म्हणाले. सुनंदा त्यांची बायको, चार वर्षांपूर्वी गेली. रस्ता रुंद झाला त्यात दारचा कडुनिंब तोडला, आता त्यांच्या घरावर दिवसभर ऊन. "तुमच्या मागच्या अंगणात सावली असते म्हणाला होतात. ठेवाल का, मॅडम?"
मी कधी म्हणाले ते मलाच आठवेना. त्यांनी लक्षात ठेवलं होतं.
रिक्षात कुंडी मांडीवर. साडीला मातीचा डाग. काढायची घाई नाही.

८ एप्रिल
जागा ठरली. अंगणाला लागून मागाच्या बंद कारखान्याची भिंत आहे, तिची उत्तरेची बाजू आमच्याकडं. तिच्या पायाशी कायम गारवा. माग बंद झाल्यापासून इथली दुपार फार मोठी झालीय.
आप्पा दारात खुर्ची टाकून बघत होते. (आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आप्पा ८१, मी ४९.)
"कुणाची?"
"शाळेतल्या एकांची."
"एकांची," म्हणाले आणि पेपर उघडला.

१९ एप्रिल
४२ अंश. नळाला पाणी पाचव्या दिवशी. आयव्हीला सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी, एक तांब्या. बोअरचं नाही, त्यानं पानांच्या कडा करपतात. बोटाचं पेर मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच घालायचं. हे सगळं जोशी सरांनी फोनवर सांगितलं. (दर वेळी 'जोशी सर' लिहायचा कंटाळा. मोहन नाव आहे. यापुढं मो.) पानांबद्दल बोलून संपलं तरी फोन कुणी ठेवेना. मग ते म्हणाले, "बरं." मी म्हणाले, "बरं."

२८ एप्रिल
दुपारी भिंतीपाशी चटई टाकून पडले. डोळा लागला. वर्गात फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा, नद्या सगळ्या हिरव्या, बघता बघता त्यांना पानं फुटत होती. भीमा फळ्याबाहेर येऊन भिंतीवरून खिडकीकडं निघाली. मुली वहीत तशीच काढत होत्या, कुणी हसत नव्हतं.
जाग आली तर शेजारची पद्माक्का कुंपणापलीकडून बघत होती. मांडीवर विड्यांचं सूप. तीस वर्षं आमच्या गल्लीत विड्या वळते, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. "झाडासंगं झोपताव काय की, बाई."

१० मे
आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. मामेभावाकडं पुण्याला जातोय, दोन आठवडे. किल्ली पद्माक्काकडं. पाणी किती, कधी, सगळं तीनदा सांगितलं. "मला पोरं वाढवून झालीत, बाई," म्हणाली.

२४ मे
परतलो. पिशवी हातातच, आधी मागं गेले.
पानं तपकिरी, कागदासारखी. बोट लावलं तर चुरा. पद्माक्का मागून आली, तिचा चेहरा बघवेना. "रोज घातलं बाई, देवाशपथ." माती ओलीच होती. ती खरं बोलत होती.
मग चार वाजता कळलं. भिंतीवर ऊन. लख्ख, तिरपं, पश्चिमेकडून आलेलं, बरोबर कुंडीवर.
मी भूगोल शिकवते. सव्वीस वर्षं. मेच्या मध्यावर सोलापुरात सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि मग जुलैच्या शेवटापर्यंत तो उत्तरेला असतो. दरवर्षी फळ्यावर गोळा काढून शिकवते. उत्तरेच्या भिंतीची सावली तेवढे दिवस नसते, हे मुलींना परीक्षेत विचारते.
मो.चा फोन आला. "आप्पा कसे आहेत? आणि वेल?"
"छान," मी म्हणाले. दोन्हींना मिळून एकच शब्द.

२६ मे
कापली. मातीपासून चार बोटं ठेवून बाकी सगळी. चीक लागून मनगटाला खाज. उरलेलं खोड नखानं जरा खरवडलं, आत हिरवट काही दिसल्यासारखं वाटलं. की मलाच हवं होतं म्हणून. कुंडी न्हाणीघराच्या खिडकीत.
सुनंदाबाईंना मी कधी पाहिलेलं नाही. तरी आज दिवसभर त्या मागं उभ्या आहेत असं वाटत राहिलं.

११ जून
काही नाही. मो. म्हणाले, सुनंदा ओल्या फडक्यानं पानं पुसायची, खालच्या बाजूनंही, नाहीतर लाल कोळी ही कीड लागते. "मी पण पुसते," म्हणाले. पुसायला पान नाही.
सांगायचं ठरवून फोन उचलते आणि हवामानाबद्दल बोलते.

२ जुलै
कोंब. एक. तांदळाच्या दाण्याएवढा.
आप्पांना बोलावलं. नव्या चष्म्यातून वाकून बराच वेळ बघितलं. "डावीकडं अजून एक आहे. तुला दिसला नाही."
मग आम्ही दोघं न्हाणीघरात तसेच उभे. आप्पांना सगळं माहीत आहे असं वाटलं. जाताना खिडकी जरा जास्त उघडून गेले.

४ ऑगस्ट
ऊन दक्षिणेला सरकलं. कुंडी परत भिंतीपाशी. झड आहे, वरून पाणी घालणं बंद. खाली दोन विटा दिल्यात, भोक मोकळं राहावं म्हणून, नाहीतर मुळं कुजतात. सात पानं झाली. नवीन पान आधी मऊ, चकचकीत, बाळाच्या तळव्यासारखं. दोन दिवसांत निबर होतं.
शाळेतून आल्यावर तिच्यापाशी बसते. काय विचार करते ते संध्याकाळी आठवत नाही.

१५ सप्टें.
वेलीनं भिंत धरली. देठामागून बारीक मुळ्या, केसांसारख्या, सिमेंटला चिकटल्यात. हळूच ओढून बघितलं, सुटेना.
मो. पुढच्या रविवारी सोलापुरात येतायत. म्हणाले, "वेल बघून जाईन म्हणतो." वेल वीतभर. दिलेली हातभर होती. त्यांना कळणारच.

२२ सप्टें.
आले. उकिडवे बसून बघत राहिले. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, "मे महिन्यात जळाली. माझ्या चुकीनं. तुम्हाला छान म्हणाले. ही नवी फूट आहे."
ते अंगठ्यानं एक पान पुसत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सुनंदाची वेल पहिल्याच उन्हाळ्यात गेली. सुनंदा होती तेव्हाच. म्हणाली, दुसरी आणा. ती पण जळाली. ही तिसरी. सुनंदा गेल्यावर मी पुण्याहून आणली. सगळ्यांना तिची म्हणून सांगत आलो. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं."
आप्पा दारातून मोठ्यानं म्हणाले, "जोशी, जेवून जाणार ना?" भाकरी, शेंगाचटणी, वांगं. जेवताना आप्पा आणि ते उसाच्या भावावर बोलले. मी वाढत होते. चारच्या एसटीनं गेले.

२५ सप्टें.
तीन दिवसांनी आज राग आला. चार महिने एका बाईची मनातल्या मनात माफी मागत होते. त्या तिथं नव्हत्याच.
पद्माक्काला सांगितलं. विडीला दोरा बांधता बांधता ऐकलं. "म्हंजे तुमी पण खोटं, ते पण खोटं. सारखंच झालं की."
मग मलाच हसू आलं. पुष्कळ दिवसांनी पोट दुखेपर्यंत.

१० नोव्हें.
सुट्टी संपत आली. कोवळ्या शेंड्यांवर मावा. पद्माक्कानं तंबाखूचा चुरा भिजवून पाणी गाळून दिलं, फवारलं. अंगणभर तिच्या घरासारखा वास.
गाठीखाली कापून दोन शेंडे पाण्याच्या बाटलीत ठेवलेत. मो. म्हणतात, थंडीत मुळं धरतात. आता रोज बोलतो. आयव्हीवर दोन मिनिटं, बाकी कशावर ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर कान गरम असतो आणि स्वयंपाकघर जरा लांब वाटतं, पाण्यातून बघितल्यासारखं.

१५ डिसें.
मो. आले होते. अंगणात लग्नाचं विचारलं. मोठं बोलणं नाही.
"शैला," म्हणाले. आजवर मॅडम.
"मला वेलीची काळजी घेणारं कुणी नकोय. ती मी घेईन. तुम्ही आप्पांना सोडून येणार नाही, ते मी विचारतच नाही. मीच इथं येईन. शाळेला रोज टेंभुर्णीला जाऊन येऊन करीन. चार वर्षं राहिलीत निवृत्तीला."
मी म्हणाले, "मला वेळ लागेल."
"लागू दे."
ते गेल्यावर कुंडीखालची वीट उगाच जराशी सरकवली. पुन्हा होती तशी केली.

१२ जाने.
गल्लीत संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला जाणाऱ्यांची वर्दळ. मी अंगणात. थंडीचं ऊन पार भिंतीपलीकडं, इथं निळसर सावली. बसले की वेल माझ्या खांद्यापर्यंत येते, पानांच्या शिरा जांभळट झाल्यात. तिला पाणी आता चौथ्या दिवशी.
हो म्हटलं तर काय बदलेल, बघत होते. दोघांचे टॉवेल वाळत घातलेले दिसले. सकाळी न्हाणीघराला आतून कडी दिसली. ही दुपार मात्र दिसली नाही, कुठं गेली कोण जाणे. पन्नाशीत माणूस दुपारसाठी नाही म्हणू शकतं का? कुणाला विचारणार.
नाही म्हटलं तर काय, तेही बघितलं. सगळं आहे तसंच होतं, फक्त फोन वाजत नव्हता. तिथं फार वेळ बसवलं नाही.
आप्पांना अजून सांगितलेलं नाही. पुण्यातल्या एका स्थळाला त्यांनी नकार दिला होता, मी सत्तावीसची असताना. आई आजारी होती. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

२ फेब्रु.
मोठी कुंडी. वेल भिंतीला तशीच ठेवून फक्त बूड उचललं. माती, वाळू, गांडूळखत, समान. मुळं गोल गोल गुंडाळली होती, बोटांनी मोकळी केली. आप्पा बादली धरून उभे. एकाएकी म्हणाले, "ते पुण्याचं मी नको म्हणालो तेव्हा तुला विचारलं नव्हतं."
मी माती दाबत राहिले.
"तेव्हा विचारायला पाहिजे होतं," म्हणाले. बादली खाली ठेवली, आत गेले.
हात धुवायचे राहिले बराच वेळ.

९ फेब्रु., रवि.
चहाचं आधण ठेवून ओट्यापाशीच लिहितेय.
मो. आलेत. मी बोलावलं नव्हतं, आप्पांनी फोन करून बोलावलं. नंबर कुठून मिळवला, विचारलं नाही. दोघं अंगणात बसलेत, खिडकीतून आवाज येतो, माणसं दिसत नाहीत.
आप्पा: "तिला सकाळी आठपर्यंत बोललेलं चालत नाही."
मो.: "मलाही नाही."
आप्पा: "ती हो पटकन म्हणत नाही. नाही पण पटकन म्हणत नाही. मी तिच्या बाजूनं एकदा बोललो, ते चुकलं. आज मी काही बोलणार नाही. तिलाच विचारा."
पलीकडं पद्माक्कानं रेडिओ बंद केला.
साखर घातली की नाही ते विसरले. चाखून बघितलं, घातलीय.
"शैला," आप्पांची हाक. "बाहेर येतेस का?" ये म्हणाले नाहीत. येतेस का म्हणाले.
तीन कप भरलेत. हात जरा ओले आहेत, पदराला पुसते. काय सांगायचं ते माझं मलाच बाहेर गेल्यावर कळेल. जाते.