आत्या, तुझ्यासाठी खाट रिकामी झाली आहे

प्रिय आत्या,

आज सकाळी वृद्धाश्रमातून फोन आला. "तुमच्या आत्यांसाठी खाट रिकामी झालीय, कधी आणताय?" तुला जाऊन सात महिने झाले गं! मी काय म्हणावं? घाबरून "विचारून सांगते" म्हणाले. म्हणून हे पत्र.

हो, तुझं नाव मीच लिहून ठेवलं होतं तिथे. तू न्हाणीघरात पडलीस, तेव्हा. मी दिवसभर सेलूच्या शाळेत, बाबा शेतात. वर्गात शिकवताना मला सारखी तूच फरशीवर पडलेली दिसायचीस. तुला सांगायचं धाडस झालं नाही. पुढे तुला सांभाळायला शेवंताबाई मिळाल्या आणि अर्ज मागे घ्यायचा राहूनच गेला. रागावलीस ना?

पण तू तरी कमी होतीस का? सांभाळायला बाई येणार, म्हणून पहिल्याच दिवशी वॉकर धरून घर झाडलंस! अंघोळ, वेणी, इस्त्रीची साडी, वर नाश्त्याला मुरमुऱ्यांचा सुशीला तयार. शेवंताबाई दारातच गांगरल्या.

"बाई, तुमी बसा की वो. मी कशाला आलेय मग?"

"आधी खा. पहिल्यांदा घरी आलेल्या बाईला लगेच कामाला लावू?"

दुसऱ्या दिवशी "काल नीट बोलणंच झालं नाही" म्हणत पुन्हा चहा. तिसऱ्या दिवशी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, लय लाज वाटायलीय. हितं माझीच सेवा व्हायलीय."

आणि तो पायाचा व्यायाम! डॉक्टरांनी दहा वेळा करायला सांगितलेला, तू तीनवर थांबायचीस. मी विनवण्या केल्या, भिंतीवर तक्ता लावला. शेवंताबाई नुसत्या मोजायला बसल्या. "पाच, सहा, आठ..."

जन्मभर गणित शिकवलेली तू! "सात कुठं गेले?" म्हणून पुन्हा एकपासून. दहाच्या जागी पाय सोळा-सतरा वेळा वर! आत्या, त्यांना आकडे उत्तम येतात. हेही मी तुझ्यापासून लपवलं.

महिन्याभरात तू खिडकीपर्यंत चालत जाऊन दूधवाल्याला झापायला लागलीस. वृद्धाश्रमात तुझं सगळं वेळेवर झालं असतं, पण सकाळी उठून रागवायला हक्काचं कोण मिळालं असतं? शेवटच्या सकाळीही वरण पातळ झालं म्हणून मला बोललीस, आणि दुपारी आपल्याच पलंगावर, शेवंताबाईंचा हात धरून गेलीस.

आता बाबांचा पाय मोडलाय. फोनचं कळताच दादा पुण्याहून म्हणाला, "आयती खाट मिळतेय, तर बाबांनाच पाठवू." बाबांनी ते ऐकलं. दुपारी जेवलेच नाहीत. तुझा भाऊ! नुसतं ताट सरकवणार.

शेवंताबाई यायला तयार आहेत. "अंघोळ घालायला माझे मालक येतील, बाकी मी बघते," म्हणाल्या.

दादा रविवारी येतोय. त्याच्यापुढे मी आजवर कधी 'नाही' म्हटलेलं नाही, तुला माहीतच आहे. बोलताना मला रडू येणार, हेही नक्की. पण शब्द देते, आत्या. रडत रडत का होईना, बाबा घरीच राहतील असं सांगेन. आणि रडण्यात ते त्याला नीट ऐकू गेलं नाही, तर डोळे पुसून पुन्हा सांगेन.

तुझी भित्री विद्यार्थिनी,
मीनू