शेवटची थरथर

३ फेब्रुवारी
पोचले एकदाची आसेगावला! मंगरूळपीरच्या बसमधून उतरले, तर प्रयोगशाळेत स्वयंपाक करणाऱ्या गोजराबाई फाट्यावर हजर. नको नको म्हणताना माझी बॅग त्यांनीच उचलली. भोवती हरभरा, खाली काळा खडक. इतकी स्थिर जमीन आमच्या कामाला मिळणं नशीबच. काचेच्या निर्वात डबीत रुबिडियमचे अणू, त्यांच्यावर सहा बाजूंनी लेसर. प्रकाशाच्या धक्क्यांनी अणू गार होतात, जवळजवळ थांबतात. शेवटची थरथर मात्र उरतेच, ती कुणालाच काढता येत नाही. पडद्यावरचा अणूंचा इवलासा ठिपका बघून मी चक्क टाळ्या वाजवल्या. आमचे प्रमुख प्रसेनजित सर हसले. प्रयोग तू चालव, म्हणाले. ते स्वतः त्या वेळी फाटकापाशी असतात.

९ फेब्रुवारी
दुपारी थरथर शून्य झाली. मी सरांना फोन केला, मोजमाप चुकलंय म्हणून. ते म्हणाले, नाही चुकलं. तेवढ्यात भिंतीपलीकडे कप फुटला. गोजराबाई ओट्यापाशी उभ्या, उजवा हात हवेत तसाच.
"पोरी, माहा हात काहून हालून नाही राह्यला?"
हात गरम होता. नाडी लागत नव्हती.

१० फेब्रुवारी
वाशीमच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. प्रयोग थांबवा, म्हणून मी सरांशी भांडले. असा आकडा पुन्हा मिळत नाही, म्हणाले. मी जेवायला बसले असताना त्यांनी दुरूनच लेसर सुरू केला. बाईंचा डावा हातही गेला. संताप, संताप नुसता!

११ फेब्रुवारी
सरांची वही सापडली. माझ्या आधी इथे पवन होता, आजारपणात गेला असं सर म्हणाले होते. 'पवन: पाय, नंतर छाती.' पुढे वेळ. त्याखाली गोजराबाई. त्याखाली मी, समोरची जागा कोरी. अणू पूर्ण थांबले की जवळपासचं एकेक माणूस थांबतं, हे प्रसेनजितनं स्वच्छ अक्षरात लिहिलंय. नालायक माणूस! बाईंना ऑटोत बसवून लेकीकडे धाडलं. मी जाणार नाही. गेले तर हा दुसरं कुणी आणेल.

१२ फेब्रुवारी, सकाळ
लेसरची वायरच तोडली. प्रकाश गेला. ठिपका पडद्यावर तसाच— कशानं धरलाय त्याला?

पाय उचलत नाहीत. तो फाटकापाशी उभा, हातात घड्याळ. शिव्या घातल्या मी, ओरडून. आता आवाजही—

हात चालतोय अजून. वाचणाऱ्यानं ऐका, पवन आजारी नव्हता. याला सगळं ठाऊक हो